बागेतला घोडा आणि भर दुपारचं भूत

निरीक्षकांनी उभ्या आयुष्यात एकच सिनेमा काढला, आणि तोही जीभ घसरल्यामुळे.

ते वजनमापे खात्यात होते. दुकानादुकानांतून जायचं, काटा खरा आहे की मारतो ते बघायचं, खरा असेल तर शिक्का, मारत असेल तर जप्ती, ही त्यांची नोकरी. दिवसभर दुसऱ्याच्या मापातली खोट काढली की ती सवय संध्याकाळी चपलांबरोबर दाराशी काढून ठेवता येत नाही. निरीक्षक ती सिनेमांवर चालवत. तेही सगळ्या सिनेमांवर नाही. सिनेमांच्या पसाऱ्यातला एक अडगळीचा कोपरा त्यांनी आपला मानला होता, तो म्हणजे कमी पैशात काढलेले भुतांचे वेस्टर्न. एक ओसाड गाव, एक लाकडी गुत्ता, टोप्या घातलेले बंदूकवाले, आणि त्यांनी विनाकारण फासावर चढवलेला एखादा गरीब बिचारा, जो मध्यंतरानंतर कबरीतून उठून गावात परत येतो. असले सिनेमे फारसं कुणी बघत नाही. निरीक्षक एकेक दोन-तीनदा बघत आणि मग त्यावर बोलत. बघण्याला तरी शेवट असायचा.

कॉलनीच्या क्लबात दर महिन्याला सिनेमा दाखवायचा रिवाज होता. त्या शनिवारी निरीक्षकांच्या आग्रहाखातर तसलाच एक लावला. तो संपला, दिवे लागले, लोक चपला शोधू लागले, आणि निरीक्षक कुणी न बोलावता उभे राहिले.

"आधी या प्रकाराची ताकद कशात आहे ते बघू," ते म्हणाले. "पैसा नाही, हीच ताकद. ओसाड गावाला गर्दी लागत नाही. करकरणारं एक दार, वारा आणि कुणाची तरी वाट बघणारी माणसं. भीतीला एवढं पुरतं. आता दुबळी बाजू. यांना धीर नाही. भूत दाखवायची घाई. भूत दिसलं की त्याच्या तोंडाला फासलेलं पीठ दिसतं, आणि पीठ दिसलं की भीती गेली. तेच दोन घोडे खिडकीसमोरून पुन्हा पुन्हा जातात. मध्यरात्रीच्या प्रसंगात जमिनीवर दुपारच्या सावल्या पडतात. बंदूकवाल्याच्या हातावर घड्याळाचा पट्टा असतो. आणि हे सगळं जरा लक्ष दिलं असतं तर टळलं असतं."

क्लबाचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते आणि त्यांना घरी जायची घाई होती. ते म्हणाले, "निरीक्षक, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. एक काढून दाखवा."

"काढतो," निरीक्षक म्हणाले.

तिसऱ्या रांगेत वहिनींनी डोळे मिटून घेतले. वहिनी म्हणजे निरीक्षकांच्या पत्नी. सगळी कॉलनी त्यांना वहिनीच म्हणे. डोळे मिटायला त्यांना कारण होतं. निरीक्षकांची साठलेली रजा नुकतीच मंजूर झाली होती आणि ती वहिनींच्या बहिणीकडे, समुद्राकाठी जाण्यासाठी होती. बॅग अर्धी भरून पलंगाखाली ठेवलेली होती. तिथे जायचं असं त्यांचं लग्न झाल्यापासून चाललं होतं, आणि कधी ऑडिट, कधी पाहुणे, कधी कुणाची दाढदुखी असं होऊन ते राहत होतं.

"समुद्र काही पळून जात नाही," त्या रात्री निरीक्षक समजूत घालायला गेले.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "तो तिथेच असतो. मीच इथे असते." एवढं बोलून त्यांनी बॅगेतले कपडे कपाटात लावायला घेतले. आवाज न करता कपाट कसं लावायचं हे त्यांना उत्तम येत असे. निरीक्षकांना वाटलं, प्रकरण मिटलं.

घोडामैदान जवळ आलं होतं. अडचण एवढीच की घोडा नव्हता आणि मैदानही नव्हतं.

सल्ले मात्र भरपूर होते. तळमजल्यावरच्या होमिओपॅथ डॉक्टरांचं म्हणणं पडलं की शेवटी भूत हा गैरसमज होता असं दाखवा, म्हणजे समाजाला काही मिळेल. वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी चार गाणी सुचवली आणि ती कोण म्हणणार हेही सुचवलं. समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा काठी टेकत मुद्दाम जिना चढून आले.

"घोडा काढून टाका," ते म्हणाले. "सायकल घ्या."

"काउबॉय सायकलवर?"

"गरीब आहे असं दाखवायचं."

निरीक्षकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कुणाचंच मानलं नाही. पण वहिनींचा धाकटा भाऊ आला तेव्हा त्यांना नाही म्हणता आलं नाही. या मेहुण्याला कुठलाही धंदा पहिला आठवडा फार छान जमत असे. मधमाश्या, अगरबत्त्या, जुने रेडिओ, सगळ्यांतून तो आठवड्याभरात बाहेर पडला होता. सिनेमाला आठवडाच लागणार होता, तेव्हा हे काम जणू त्याच्यासाठीच होतं.

"भावोजी, भूत मी होतो," तो म्हणाला. "माझी उंची आहे, आणि मला बोलायला नको."

बोलायला नको ही अट निरीक्षकांना पसंत पडली. कथा त्यांनी थोडक्यात बांधली होती. गावचा शेरीफ एका निरपराध माणसाला फाशी देतो, आणि तो माणूस एका रात्री घोड्यावरून परत येतो. पात्रं दोन, रस्ता एक.

कॅमेरा कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या फोटोग्राफरचा होता. हा लग्नांचं शूटिंग करी. कामात चोख, पण त्याचा हात लग्नालाच बसलेला. कुणाहीसमोर कॅमेरा धरला की तो मायेने म्हणायचा, "हसा." निरीक्षकांनी त्याला बजावलं की यात कुणी हसायचं नाही. त्याने मान डोलावली, पण त्याचं मन मानलं नाही हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

गाव आयतं मिळालं. शहराच्या टोकाला लाकडाची वखार होती. दोन्ही बाजूंना फळ्यांच्या उंच थप्प्या, मधून धुळीचा रस्ता, आणि शेवटी मालकाची लाकडी खोली, तिला अर्ध्या उंचीचं झुलतं दार. निरीक्षक तिथे दरवर्षी काटा तपासायला जात, पण त्या दाराकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. आता दिलं, तर साक्षात गुत्ताच. वखारवाल्याने सुट्टीच्या दिवशी वखार द्यायचं लगेच कबूल केलं. त्याच्या दोन अटी होत्या. शेरीफ तो होणार, आणि शेरीफ मरणार नाही.

"अहो, पण भूत सूड घ्यायला येतं," निरीक्षक म्हणाले.

"घेऊ दे. पण वखारीत माणूस मेला म्हटलं की लोक म्हणणार, अंगावर फळ्या पडल्या. माझ्या थप्प्या नीट रचलेल्या असतात, साहेब."

शेवटी शेरीफला पश्चात्ताप होतो असं ठरलं. कथेतला जीव गेला, वखारवाल्याचा राहिला.

इतक्यात घोडं दुसरीकडेच पेंड खायला लागलं. ऑफिसात साहेबांनी निरीक्षकांना बोलावलं.

"त्या वखारीचा काटा कुणाच्या हद्दीत येतो?"

"माझ्या."

"आणि वखार तुम्हाला फुकट मिळतेय."

"एकच दिवस, साहेब."

"लाच ही बहुतेक एकाच दिवसाची असते," साहेब म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करू लागले.

निरीक्षकांनी आयुष्यात कुणाचा चहासुद्धा घेतला नव्हता. दुकानात गेले की ते स्वतःच्या बाटलीतलं पाणी पीत. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. अखेर दुसऱ्या हद्दीतल्या निरीक्षकाने जाऊन वखारीचा काटा तपासला. काटा चोख निघाला, शिक्का बसला, प्रमाणपत्र मिळालं, आणि वखारवाल्याने ते काच लावून गुत्त्याच्या बरोबर मधोमध टांगलं. निरीक्षकांनी ते एका दिवसापुरतं उतरवायची विनंती केली.

"इतकी वर्षं शिक्के मारता," वखारवाला म्हणाला. "एकदा लोकांना दिसू दे की."

मग घोडा. शहरात घोडा एकच होता, सार्वजनिक बागेत मुलांना पाठीवर बसवून फेरी मारणारा, वयस्कर आणि मळकट पांढरा. घोडेवाला तयार झाला. बागेच्या ऑफिसातला कारकून झाला नाही. बागेतला घोडा बागेबाहेर न्यायला परवानगी लागते. कशासाठी नेताय? चित्रीकरणासाठी. मग चित्रीकरण विभागात जा. चित्रीकरण विभाग म्हणाला, जनावर आहे, पशुवैद्य विभागात जा. टेबलाच्या या बाजूला उभं राहायची निरीक्षकांना सवय नव्हती. दोनतीनदा ते सवयीने टेबलाच्या त्या बाजूला जाऊ लागले आणि शिपायाने त्यांना हाताला धरून परत आणलं.

पशुवैद्य समजूतदार होते. त्यांची शंका एकच. "भुताला बघून घोडा बिचकला आणि कुणाला लाथ बसली तर जबाबदार कोण? मला आधी भूत दाखवा."

म्हणून मेहुणा पूर्ण पोशाखात बागेत आला. कॉलनीतल्या वकिलांकडून मागून आणलेला लांब काळा कोट, तोंडाला पीठ, डोक्यावर गवती टोपी. घोड्याने त्याच्याकडे शांतपणे बघितलं, मान पुढे केली आणि टोपी खाल्ली. पशुवैद्यांनी लिहून दिलं की सदर घोडा भुतास बिचकत नाही. मेहुणा मात्र त्या दिवसापासून घोड्याला बिचकू लागला, पण त्याचं प्रमाणपत्र कुणी मागितलं नव्हतं.

अग्निशमन दलाने धुराला साफ नकार दिला. वखारीत धूर हे शब्द ऐकूनच तिथला अधिकारी खुर्चीतून उठला होता. आणि वखारवाला सुट्टीच्या दिवशीही अंधार पडायच्या आत वखारीला कुलूप लावत असल्यामुळे मध्यरात्रीचा प्रसंग दुपारी घेणं भाग होतं. "मी नंतर निळं करून देतो," फोटोग्राफर म्हणाला. निरीक्षकांनी खाली धुळीत पडलेल्या स्वतःच्या सावलीकडे बघितलं.

शूटिंगचा दिवस उजाडला. त्याच सकाळी वहिनींच्या बहिणीचा फोन आला. ती गच्चीतून बोलत होती आणि फोनमधून वारा ऐकू येत होता. "सगळी तयारी केली होती गं," ती म्हणाली. "खोलीसुद्धा झाडून ठेवली होती." वहिनींनी बराच वेळ फोन कानाला लावून ठेवला. मग सगळ्यांसाठी डबे भरले, कारण वखारीच्या आसपास खायला काही मिळत नव्हतं, आणि त्या डबे घेऊन निघाल्या.

वखारीत तोवर बरंच काही होऊन गेलं होतं. घोड्याला आयुष्यभर बागेतल्या कारंज्याभोवती फिरायची सवय. त्याला सरळ रस्ता माहीत नव्हता. मेहुणा वर बसला की घोडा डावीकडे वळून फळ्यांच्या एका थप्पीला सावकाश प्रदक्षिणा घाली, निघाल्या जागी परत येई आणि स्वार उतरायची वाट बघत उभा राही. पुन्हा हाकला, पुन्हा तेच. सूड घ्यायला आलेलं भूत त्याच खिडकीसमोरून जातच राहिलं. शेवटी घोड्याच्या मताने मेहुण्याचे जेवढे वळसे व्हायला हवे होते तेवढे झाले असावेत. मेहुणा उतरताना घोड्याने आपला पाय शांतपणे मेहुण्याच्या पायावर ठेवला आणि तो तिथेच ठेवून तो विचारात पडला.

वहिनी आल्या तेव्हा मेहुणा बाकावर पाय वर करून बसला होता, घोडेवाला त्यावर पाणी ओतत होता, शेरीफ आरशात मिशी बघत होता, आणि निरीक्षक हातात कागद घेऊन ऊन कुठवर आलं ते बघत होते. वखार पुन्हा मिळणार नव्हती. भूत रस्त्याने चालत येतं हा शेवटचा आणि मुख्य प्रसंग बाकी होता.

"ताई, तू हो," मेहुणा कण्हत म्हणाला. "कोट अंगात घातलास की झालं."

"मी घोड्याजवळ जाणार नाही," वहिनी म्हणाल्या. "तोंडाला पीठ लावणार नाही. आणि मला अभिनय येत नाही."

"मग करणार काय?" निरीक्षकांनी विचारलं.

"चालेन."

त्यांनी डबे खाली ठेवले, कोट घातला आणि त्या रस्त्याच्या पार टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. निरीक्षक कॅमेऱ्याशेजारी उभे राहिले. त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. खांदे पाड, नजर शून्यात लाव, मनात सूड आण. "चल," ते ओरडले, "आणि जरा भेसूर..."

वहिनी चालू लागल्या. त्यांनी काहीच केलं नाही. हात बाजूला होते, चेहरा रोजचा होता, आणि त्या सरळ समोर बघत येत होत्या, घाईने नाही, सावकाशही नाही. लाकडाच्या ढलप्या पायाखाली मोडत होत्या. निरीक्षक पुढची सूचना विसरले. ते एक पाऊल मागे सरकले, मग आणखी एक, आणि त्यांची पाठ फळ्यांच्या थप्पीला टेकली. फोटोग्राफर हसा म्हणायला विसरला. दारात उभ्या असलेल्या वखारवाल्याला पश्चात्तापाचे तीन संवाद होते, तेही तो विसरला आणि त्याने आपण होऊन डोक्यावरची टोपी काढली. वहिनी कॅमेऱ्यापर्यंत आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "झालं? मग जेवून घ्या."

क्लबात त्या सिनेमाला झाली तेवढी गर्दी पूर्वी कशालाच झाली नव्हती. निरीक्षकांचं हसं होणार ही बातमी पसरली होती. निरीक्षक पहिल्या रांगेत ताठ बसले होते.

पहिल्याच मिनिटाला लोक हसले, कारण नाव बदामाच्या आकारात उमटलं. फोटोग्राफरने सगळी जोडणी स्वतःच्या हाताने केली होती आणि त्याच्याकडे होती तीच सजावट वापरली होती. गुत्ता दिसला, मागे वजनमापे खात्याचं प्रमाणपत्र दिसलं, आणि बंदूकवाल्यांच्या गावात निदान माप तरी चोख आहे असं आजोबा मोठ्याने म्हणाले. शेरीफने फाशीचा हुकूम दिला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. हुकूम देणाऱ्या हातावर घड्याळ होतं. मध्यरात्र झाली, म्हणजे सगळं निळं झालं, आणि निळ्या जमिनीवर ठसठशीत सावल्या पडल्या. मग घोडा आला. तो खिडकीसमोरून गेला, पुन्हा गेला, पुन्हा गेला, आणि मागे नववधूच्या आगमनाचं संगीत वाजत राहिलं. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. निरीक्षकांना त्या रांगेत बसून कळत होतं की आपण जेवढ्या म्हणून चुका काढल्या होत्या, तेवढ्या सगळ्या इथे हजर आहेत, वर दोन-चार नव्या. त्यांचे कान तापले होते. उठून जावं तर सगळ्यांसमोरून जावं लागणार होतं.

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला कुणीतरी उभं असलेलं दिसलं.

इथे संगीत नव्हतं. फोटोग्राफरकडचं संगीत संपलं होतं, की त्याला घालावंसं वाटलं नव्हतं, ते त्याने कधी सांगितलं नाही. फक्त ढलप्या मोडल्याचा आवाज येत होता. मागचे काही जण अजून हसत होते, ते हळूहळू थांबले. काळ्या कोटातली बाई पुढे येत होती. तिच्या तोंडाला काही फासलेलं नव्हतं, तिच्या हातात काही नव्हतं. ती कुणाकडे तरी बघत येत होती, आणि बसलेल्या प्रत्येकाला ती आपल्याकडेच येतेय असं वाटत होतं. पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. गाण्याच्या बाईंनी शेजारणीचा हात धरला. चेहरा जवळ आला, आणखी जवळ आला, पडदाभर झाला, आणि सिनेमा संपला.

कुणी दिवे लावले नाहीत. लावायचं काम सेक्रेटरींचं होतं, पण ते बसूनच होते.

मग टाळ्या झाल्या. लोक निरीक्षकांना ओलांडून वहिनींपाशी गेले. शेवटी सेक्रेटरींनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "वहिनी, हे जमलं कसं? एवढा वेळ, एवढी नजर. मनात काय आणलं होतं?"

"मी काहीच केलं नाही," वहिनी म्हणाल्या. "हे कॅमेऱ्याशेजारी उभे होते. मी ह्यांच्याकडे बघत चालत आले."

सगळ्या माना निरीक्षकांकडे वळल्या. त्यात हसू नव्हतं. बायकांच्या नजरेत चौकशी होती आणि पुरुषांच्या नजरेत कळवळा. वकिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत करायला आणलेला आपला कोट घेऊन ते गेले.

दोघं घरी निघाले. निरीक्षकांनी वाटेत विचारलं, "अगं, अजून तेवढाच राग आहे?"

वहिनींनी विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या. "आता बरं वाटतंय. सगळ्यांनी बघितला ना."

मागून पावलं वाजली. सेक्रेटरी आणि त्यांच्या पत्नी त्याच रस्त्याने येत होते. सेक्रेटरींच्या पत्नी भराभर चालत आल्या आणि वहिनींच्या बरोबरीला आल्या.

"मला एक सांगाल का?" त्यांनी हळूच विचारलं. "असं बघायला शिकायचं असेल तर किती दिवस लागतात?"

"तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?"

"चौतीस."

"मग येत असेल तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "करून बघा."

सेक्रेटरींच्या पत्नी थांबल्या आणि मागे वळल्या. रस्त्यावरच्या दिव्याखाली सेक्रेटरी क्षणभर जागच्या जागी उभे राहिले. मग लगबगीने कडेकडेने पुढे झाले आणि निरीक्षकांच्या अगदी खांद्याला खांदा लावून चालू लागले.